पवनचक्की फिरताना दिसावी म्हणून : सहा स्टॉपच्या एनडी फिल्टरचा दोन हंगामांचा अनुभव

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर काढलेले पवनचक्क्यांचे माझे पहिले फोटो घरी टीव्हीच्या पडद्यावर लावले, तेव्हा आईने अगदी सहज विचारले, "त्या दिवशी बंद होत्या का रे सगळ्या?" बंद तर नव्हत्याच, उलट वारा एवढा होता की गाडीचे दार एका हाताने उघडत नव्हते. परंतु भर उन्हात कॅमेऱ्याने स्वतःहून १/१००० सेकंदाचा शटर वेग निवडला होता आणि तेवढ्या वेळात पवनचक्कीचे पाते पाव अंशही सरकत नाही. धावणाऱ्या माणसाला फोटोत कितीही गोठवले तरी त्याचा एक पाय हवेत असतो, धबधब्याचा उडालेला थेंब हवेतच लटकलेला दिसतो, आणि त्यावरून पाहणाऱ्याला गती कळते. पवनचक्कीचे तसे नाही. तिचे थांबलेले पाते आणि फिरता फिरता गोठवलेले पाते यांत सामान्य पाहणाऱ्याला काहीच फरक दिसत नाही. यंत्र बंद ठेवताना पाती धारेवर वळवलेली असतात, तेवढ्यावरून जाणकार ओळखेलही. पण फोटो काही जाणकारांसाठीच काढलेला नसतो.

त्या प्रश्नानंतर जो फिल्टर घेतला आणि दोन हंगाम वापरला, त्याचे हे परीक्षण आहे. वस्तू तशी साधी आहे. लेन्सच्या तोंडावर आट्यांनी बसवायची, ६७ मिलिमीटर व्यासाची एक गडद करडी काच. तिच्या कडेवर एनडी६४ असे कोरलेले आहे. एनडी म्हणजे न्यूट्रल डेन्सिटी, रंग न बदलता नुसता प्रकाश कमी करणारी काच, आणि ६४ म्हणजे येणाऱ्या प्रकाशाचा चौसष्टावा भाग तेवढा ती आत सोडते. फोटोग्राफरांच्या बोलीत ती सहा स्टॉपची काच, कारण एक स्टॉप म्हणजे प्रकाश एकदा निम्मा करणे. शेजारी १.८ असा दुसरा आकडा आहे, तो त्याच काळोखीचे वेगळे माप. मला ती सुमारे चार हजार रुपयांना पडली. कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण या कामात कोणत्या कंपनीची काच घ्यावी यापेक्षा किती स्टॉपची घ्यावी हा प्रश्न मोठा आहे, आणि नेमक्या त्याच प्रश्नावर बहुतेकांचा, माझाही, पहिला डाव चुकतो.

माझा पहिला डाव दहा स्टॉपचा होता. 'लाँग एक्स्पोजर', म्हणजे शटर जास्त वेळ उघडे ठेवून काढलेला फोटो, हे शब्द दुकानात उच्चारले की समोर एनडी१००० ची डबी येते, आणि त्यात दुकानदाराची चूक नाही. समुद्राचे पाणी दुधासारखे करायचे, ठोसेघरच्या धबधब्याचा रेशमी पडदा करायचा, वर्दळीच्या चौकातली माणसे पुसून टाकायची, या सर्व कामांना ती काच उत्तम आहे. तीच घेऊन मी पठारावर गेलो. दुपारचे कडक ऊन, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, ॲपर्चर (लेन्सचे छिद्र; आकडा मोठा तसे छिद्र लहान) एफ/८. काचेशिवाय १/५०० सेकंद येत होते, काच लावल्यावर दोन सेकंद आले. फोटो पाहिला तर मनोरे होते, त्यांच्या माथ्यावरच्या यंत्रपेट्या होत्या, आणि पाती नव्हती. यंत्रपेटीच्या पुढे एखाद्याने चुन्याचे बोट फिरवल्यासारखा पांढुरका डाग तेवढा उरला होता. ज्या वस्तूची गती दाखवायची, ती वस्तूच गतीने पुसली गेली होती. आधी बंद पडल्यासारखी दिसणारी पवनचक्की आता मोडल्यासारखी दिसू लागली.

असे का होते ते एकदा समजून घेतले की कोणती काच हवी हे आपोआप ठरते. आपल्याकडच्या पवनचक्क्यांना तीन पाती असतात, म्हणजे दोन पात्यांमध्ये १२० अंशांचे अंतर. शटर उघडे असताना चक्र १२० अंश फिरले, की प्रत्येक पाते पुढच्या पात्याच्या जागी पोचते आणि सगळे वर्तुळ एकदा सारवून होते. त्यानंतर शटर आणखी दहा सेकंद उघडे ठेवा नाहीतर दहा मिनिटे, चित्रात नवीन काही येत नाही. येते ती फक्त धूसर तबकडी. आणि ती तबकडीही दिसत नाही, कारण पाती बारीक असतात. फिरणाऱ्या वर्तुळाच्या एकूण क्षेत्रापैकी तिन्ही पात्यांनी मिळून व्यापलेली जागा ढोबळमानाने पाच टक्क्यांच्या आसपास भरते. म्हणजे आकाशाच्या त्या भागातल्या कोणत्याही बिंदूवर शंभरातला पाच भाग वेळ पाते आणि उरलेला पंचाण्णव भाग वेळ आकाश असते. पाते पांढरे, मागचे आकाशही उजळ. पाच टक्के पांढऱ्याने पंचाण्णव टक्के उजळाचे काय बिघडणार? बुंध्याशी मात्र वर्तुळ लहान आणि पाते रुंद असल्यामुळे हा वाटा बराच वाढतो, म्हणून चुन्याचा तो डाग नेहमी मध्यभागी उरतो.

याउलट चक्र १५ ते ३० अंश फिरेल एवढाच वेळ शटर उघडे ठेवले, तर जे चित्र येते त्यासाठी ही सगळी खटपट करावी. पात्याचा बुंधा जवळजवळ कोरीव राहतो, टोकाकडे जाताना ते हळूहळू पसरत, विरळ होत जाते, आणि एकूण आकार उघडलेल्या विंझण्यासारखा होतो. तीन विंझणे, त्यांच्यामध्ये स्वच्छ आकाश, आणि मधोमध बैलगाडीच्या चाकाच्या तुंब्यासारखा स्थिर, रेखीव मध्य. पाते पातेच राहते आणि ते फिरते आहे हेही दिसते. फिरणाऱ्या वस्तूच्या फोटोत काहीतरी ठाम उभे असावे लागते, त्याशिवाय हललेला भाग हेतुपूर्वक हललेला आहे यावर कोणी विश्वास ठेवत नाही; पवनचक्कीत तुंबा आणि मनोरा ते काम आयते करतात.

येथे एक गोष्ट मला उशिरा उमगली. पळत्या गाडीचा फोटो काढताना गाडी किती दूर आहे आणि लेन्स किती लांब पल्ल्याची आहे यावर शटरचा वेग ठरतो, कारण चित्रात ती किती मिलिमीटर सरकली हे महत्त्वाचे असते. गरगर फिरणाऱ्या वस्तूच्या बाबतीत महत्त्वाचा असतो कोन, आणि कोन अंतराने बदलत नाही. समोरून पाहिलेले पाते पन्नास मीटरवरून २० अंश फिरलेले दिसले, तर तेच पाते दोन किलोमीटरवरून, दुसऱ्या कोणत्याही लेन्समधून, २० अंशच फिरलेले दिसणार. म्हणजे एका यंत्रासाठी शटरचा वेग एकदाच काढायचा. मग हवे तसे पुढे-मागे व्हावे, झूम करावे, आकडा तोच राहतो. पठारावर अशी मोकळीक फार सुखाची वाटते.

आकडा काढण्याची रीतही सोपी आहे. घड्याळ लावून २० सेकंद मोजावीत आणि तेवढ्या वेळात मनोऱ्यासमोरून किती पाती खाली गेली ती संख्या धरावी. पाती तीन असल्यामुळे तीच संख्या मिनिटातल्या फेऱ्यांची होते. मग चारला त्या संख्येने भागावे. जे उत्तर येते तेवढ्या सेकंदांत चक्र २४ अंश फिरते, म्हणजे दोन पात्यांमधल्या अंतराचा पाचवा भाग. पठारावरच्या जुन्या, जाळीदार मनोऱ्यांवरच्या लहान यंत्रांपैकी ज्या एकाचे मी मोजले ते मिनिटाला ३० फेरे घेत होते. चार भागिले तीस, म्हणजे साधारण १/८ सेकंद. नळीसारख्या गोल मनोऱ्यावरचे एक मोठे यंत्र १५ फेरे घेत होते. त्याला १/४ सेकंद. मोठे यंत्र संथ दिसते म्हणून त्याला हळू समजू नये, कारण १०० मीटर व्यासाच्या चक्राने मिनिटाला १४ फेरे घेतले तर त्याच्या पात्याचे टोक ताशी अडीचशे किलोमीटरच्या पुढे धावत असते. तरीही आपल्या हिशेबाला कोनच लागतो, टोकाचा वेग नव्हे.

मी अशी पाती मोजत उभा असताना शेळ्या घेऊन आलेले एक वयस्कर गृहस्थ बराच वेळ माझ्याकडे पाहत होते. शेवटी ते म्हणाले, "आवं, पंखा थांबल्यावर काढा की फोटू. हालतोय तवर कसा यायचा नीट?" मी म्हणालो, "मामा, हलतानाच काढायचाय." त्यावर त्यांनी माझ्या कॅमेऱ्याकडे, मग माझ्याकडे पाहिले, आणि "मग चारनंतर या, तवा वारं भरतंय," एवढे सांगून शेळ्या हाकल्या. सल्ला बरोबर निघाला. जुन्या धाटणीच्या बऱ्याच यंत्रांचा फिरण्याचा वेग वीजजाळ्याशी बांधलेला असल्यामुळे वारा वाढला तरी फेरे फारसे वाढत नाहीत. पण वारा पडला की एकेक यंत्र थांबू लागते, आणि फ्रेममध्ये सातांपैकी तीन थांबलेली असली तर आईचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

आता सहा स्टॉपच का, याचा हिशेब. स्वच्छ उन्हात आयएसओ १०० आणि एफ/८ ला १/५०० सेकंद येते. चौसष्टपट प्रकाश कापला की तेच १/८ होते, म्हणजे लहान यंत्राला हवे तेवढेच. ॲपर्चर एफ/११ केले की १/४ मिळते, म्हणजे मोठ्या यंत्राला हवे तेवढे. दोन्ही ॲपर्चर लेन्सच्या चांगल्या टापूतले आहेत. तीन स्टॉपची एनडी८ लावून एफ/१६ वर गेले तर १/१५ पर्यंत पोचता येते, परंतु तेवढ्या बारीक छिद्रामुळे एकतर चित्राचा कणखरपणा उतरतो, आणि दुसरे म्हणजे सेन्सरवर बसलेली धूळ आकाशात काळ्या ठिपक्यांच्या रूपाने उघडी पडते. माझ्या एका फोटोत असे एकोणीस ठिपके मी मोजून पुसले. इतर विषयांत ही धूळ झाडीत, खडकांत लपून जाते. पवनचक्कीच्या फोटोत दोन तृतीयांश भाग आकाशच असते, तिथे लपायला जागा नाही.

आकाशाचा हा मोठा वाटा फिल्टरच्या प्रत्येक दोषाची परीक्षा घेतो. म्हणूनच फिरवून कमी-जास्त करता येणारा, म्हणजे व्हेरिएबल एनडी, मी या कामाला सुचवणार नाही. सहा स्टॉप घेण्याआधी मी एक स्वस्तातला व्हेरिएबल घेऊन पाहिला होता. हा फिल्टर म्हणजे एकावर एक बसवलेले दोन पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश आत सोडणाऱ्या काचा, असतात. एक फिरवला की प्रकाश कमी होतो, आणि कल्पना म्हणून ती फार सोयीची आहे, कारण एकच काच दोनपासून आठ स्टॉपपर्यंत चालेल असे डबीवर लिहिलेले असते. प्रत्यक्षात निळे आकाश स्वतःच सूर्यापासूनच्या कोनानुसार कमी-अधिक ध्रुवित असते, म्हणजे त्याच्या प्रकाशाचा कंप एका दिशेला झुकलेला असतो, त्यामुळे वाइड लेन्सवर आकाशाचा एक पट्टा गडद आणि दुसरा फिका येतो. आणि फिल्टर शेवटच्या टोकाकडे फिरवला की चित्रावर चक्क फुलीसारखी काळी सावली उमटते. माझ्या चित्रात ती फुली बरोबर दोन पवनचक्क्यांच्या मध्ये पडली होती. व्हिडिओ करणाऱ्यांना हे साधन लागते, ते त्यांनी जरूर वापरावे, महागातला घेतला तर त्रास कमी होतो असेही म्हणतात. पण मोकळ्या आकाशाखाली स्थिर छायाचित्रासाठी ठरावीक काळोखीची काचच बरी.

रंगाच्या बाबतीत या एनडी६४ ने मला सुखद धक्का दिला. आधीची दहा स्टॉपची काच चित्राला तपकिरी छटा देत असे. व्हाइट बॅलन्सने, म्हणजे पांढरा रंग पांढराच दिसावा म्हणून करायच्या रंगजुळणीने, ती बरीचशी निघे, पण पात्यांचा पांढरा रंग कधीच धुतलेल्या धोतरासारखा स्वच्छ होत नसे, आणि कोपऱ्यांत छटा वेगळी राहत असे. नव्या काचेची परीक्षा मी घरीच केली. खिडकीतल्या उजेडात पांढरा कागद ठेवून आधी काचेशिवाय आणि मग काच लावून, तोच व्हाइट बॅलन्स कायम ठेवून फोटो काढले. काच लावलेला कागद किंचित थंड, म्हणजे निळसर, दिसला. रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या नोंदीत, एका किरकोळ बदलात तो जुळला, आणि महत्त्वाचे म्हणजे मधोमध आणि कडेला सारखाच जुळला. काळोखीही जवळपास अचूक निघाली. १/१२५ चा अर्धा सेकंद केल्यावर हिस्टोग्राम, म्हणजे चित्रातल्या उजेड-अंधाराचा आलेख, जवळजवळ त्याच जागी राहिला, पाव स्टॉपचा फरक असेल. झूम लेन्स १८ मिलिमीटरच्या रुंद पल्ल्यावर असली की कोपरे थोडे गडद होतात, त्यात काचेपेक्षा तिच्या जाड कड्याचा दोष अधिक आहे. २२ च्या पुढे काही दिसत नाही.

आणखी एक व्यावहारिक फायदा असा की सहा स्टॉपमधून अजून दिसते. दहा स्टॉपची काच लावली की व्ह्यूफाइंडर म्हणजे बंद खोली. आधी फोकस करायचे, मग फोकस कुलूपबंद करायचा, मग हलक्या हाताने काच बसवायची आणि एवढ्यात झूमची रिंग हलली की पुन्हा पहिल्यापासून. एनडी६४ लावलेली असताना दुपारच्या उन्हात माझा साधाच कॅमेरा लाइव्ह व्ह्यूमध्ये मनोऱ्यावर स्वतः फोकस करतो. ढग आले की कधी चाचपडतो, पण दहांतून आठ वेळा जमते. या सोयीमुळे एका ठिकाणाहून पटापट वीस-पंचवीस फोटो घेता येतात, आणि ते घ्यावेच लागतात, कारण शटर उघडताना पाती कोणत्या अवस्थेत असतील ते आपल्या हातात नसते. एखादे पाते सरळ खाली येऊन मनोऱ्यावर पसरले की चित्र लुळे दिसते. मला एक पाते वर उजवीकडे झुकलेले असावे असे वाटते. त्याला कारण विचाराल तर नाही, डोळ्याला ते चढते आहे असे भासते एवढेच.

या काचेचा खरा शत्रू ट्रायपॉड आहे, किंवा वाराच म्हणा. १/८ आणि १/४ सेकंद हे शटर वेग मोठे कुजके आहेत. हातात धरायला फार हळू, आणि ट्रायपॉडचा एखादा धक्का दीर्घ वेळात विरून जावा एवढे लांबही नाहीत. ज्या वाऱ्यासाठी आपण तिथे गेलेलो असतो, तोच वारा ट्रायपॉडलाही हलवतो. पहिल्या दिवशी माझे निम्मे फोटो असे आले की पाती फिरलेली आणि मनोराही दुहेरी. मग गती कोणाची, पवनचक्कीची की माझी? वजनासाठी ट्रायपॉडला बॅग टांगावी असे सगळीकडे लिहिलेले असते, पण टांगलेली बॅग वाऱ्यात घंटेच्या लोळीसारखी झोके घेते आणि दर झोक्याला ट्रायपॉड थरथरतो. बॅग जमिनीला टेकेल एवढीच सैल बांधली तेव्हा उपयोग झाला. मधला दांडा अजिबात वर काढायचा नाही, पायांचे शेवटचे बारीक भाग उघडायचे नाहीत, कॅमेऱ्याचा फडफडणारा पट्टा काढून खिशात ठेवायचा आणि आपण स्वतः वाऱ्याच्या बाजूला भिंतीसारखे बसायचे. उंची कमी होते, गवत फ्रेममध्ये येते, येऊ द्यावे. १/८ सेकंदात गवताची पातीही थोडी पुसली जातात आणि वर जो वारा दिसतो तोच खालीही दिसतो. सप्टेंबरअखेर गवतात फुले असतात, ती मात्र नुसते रंगाचे फराटे होतात, याची तयारी ठेवावी.

उभे कुठे राहावे हे फिल्टरइतकेच महत्त्वाचे आहे. बाजूने पाहिले तर फिरणारे चक्र उभ्या रेघेसारखे दिसते आणि विंझण्याचा आकार उमटतच नाही. चक्राचे तोंड बऱ्यापैकी आपल्याकडे असावे लागते. पवनचक्की वाऱ्याकडे तोंड करते. पावसाळी वारे पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतात, म्हणून त्या काळात चाळकेवाडी आणि वनकुसवडे परिसरातली चक्रे साधारण पश्चिमेकडे पाहत असतात. यंत्रांच्या पश्चिमेला उभे राहिले, तर सायंकाळचे ऊन आपल्या पाठीवरून येऊन थेट पात्यांवर पडते आणि मागचे पूर्वेचे आकाश गडद निळे मिळते. पांढऱ्या विंझण्याला मागे गडद रंग हवा हे वर पाच टक्क्यांच्या हिशेबात आलेच आहे. दुपारच्या पांढरट आकाशासमोर हाच फोटो, याच काचेने, निम्माही उठत नाही. ऐन जुलै-ऑगस्टमध्ये वारा भरपूर असतो, पण सुमारे ११५० मीटर उंचीच्या या पठारावर धुके असे उतरते की पवनचक्कीचा फक्त आवाज ऐकू येतो, आणि काचेवर दर मिनिटाला तुषार बसतात. सज्जनगड ओलांडून वर चढताना गडाचा माथा दिसला नाही, तर मी सरळ ठोसेघरला थांबून चहा घेतो.

तक्रारी दोन आहेत. पहिली, आट्या. काचेचे कडे पातळ आणि आट्या बारीक असल्यामुळे घाईत ती तिरकी बसते आणि मग निघत नाही. पठारावर थंड वाऱ्यात बोटे आखडलेली असताना मी अर्धा तास तिच्याशी झगडलो. शेवटी भाजीच्या जुडीचे रुंद रबर कड्याभोवती गुंडाळून, दाबून न धरता हलक्या हाताने फिरवल्यावर ती सुटली. तेव्हापासून ते रबर कॅमेऱ्याच्या बॅगेतच राहते. जोर लावून चिमटीत धरले की कडे लंबगोल होते आणि आणखी घट्ट बसते, ही त्यातली मेख. दुसरी तक्रार डबीची. प्लास्टिकची डबी तिसऱ्या महिन्यात बिजागरीपाशी मोडली. चार हजारांच्या काचेला चाळीस रुपयांची तरी डबी द्यायला हवी होती. काचेवरचा लेप मात्र चांगला आहे. धुक्याचे थेंब मऊ कापडाने एका फटकाऱ्यात निघतात आणि दोन हंगामांत ओरखडा उठलेला नाही.

काच न घेता हे जमणार नाही का, असे मला विचारले जाते. काही कॅमेऱ्यांत ही सोय आतच असते. ओएम सिस्टिमच्या ओएम-१ मध्ये अनेक फ्रेम एकावर एक मिसळून एनडी६४ पर्यंतचा परिणाम साधता येतो, तो कॅमेरा असेल त्याने वेगळी काच घेण्याची घाई करू नये. आपण स्वतः दहा-पंधरा फोटो काढून संगणकावर मिसळले, तर प्रत्येक फोटो १/५०० चा असल्यामुळे पाती पुसली जात नाहीत, सुटी सुटी उमटतात. फ्रेंच शास्त्रज्ञ एत्येन-ज्यूल मारे यांनी १८८२ च्या सुमारास एकाच काचपट्टीवर चालणाऱ्या माणसाच्या लागोपाठच्या अवस्था टिपल्या होत्या, तशी काहीशी ती चित्रे दिसतात. अभ्यासाला छान आहेत, पण त्यांत वारा नसतो. आयफोनच्या लाइव्ह फोटोला लाँग एक्स्पोजरचा परिणाम देता येतो, परंतु तो सुमारे तीन सेकंदांची हालचाल एकत्र करतो आणि तीन सेकंदांत लहान चक्राचे दीड फेरे होतात. म्हणजे पुन्हा तोच चुन्याचा डाग. फोनवर शटरचा वेग हाताने ठरवता येत असेल तरी बहुतेक फोनचे ॲपर्चर बदलत नाही, म्हणून भर दुपारी १/८ सेकंद ठेवले की चित्र पांढरेफटक होते. फोनला लावायचे चिमट्याचे एनडी मिळतात. मी वापरलेले नाहीत, त्यामुळे त्यांच्याविषयी बोलत नाही.

पाचपैकी चार गुण देतो. कापलेला एक गुण आट्या आणि डबी यांच्यात वाटून घ्यावा. घेताना एक काळजी घ्यावी. आपल्याकडच्या सर्वांत मोठ्या लेन्सच्या व्यासाची काच घ्यावी आणि लहान लेन्ससाठी शंभर-दोनशे रुपयांत मिळणारी स्टेप-अप रिंग, म्हणजे लहान लेन्सवर मोठी काच बसवणारे कडे, वापरावी. मी ६७ घेतली, नंतर ७७ ची लेन्स आली, आणि आता तीच काच दुसऱ्यांदा विकत घेण्याची वेळ आली आहे.

आणि शेवटी या काचेची वेळ कुठे संपते तेही सांगितले पाहिजे. सूर्य खाली उतरला की प्रकाश झपाट्याने घटतो. ऊन पिवळे झाल्यावर, सूर्यास्ताच्या तास-अर्धा तास आधी, एफ/८ ला काचेशिवायच १/६० च्या आसपास येऊ लागते. त्यावर एनडी६४ लावली तर एक सेकंद होते आणि लहान चक्राची पुन्हा तबकडी होते. आयएसओ ८०० करून काच तशीच ठेवता येते, पण त्यापेक्षा तीन स्टॉपची एनडी८ बरी, म्हणून ती स्वस्तातली दुसरी काच बॅगेत असावी. त्यानंतर सूर्य पश्चिमेच्या डोंगररांगेआड जातो, पूर्वेला करडा-जांभळा पट्टा चढतो, आणि काही मिनिटे अशी येतात की आयएसओ १००, एफ/११ आणि कोणतीही काच न लावता कॅमेरा स्वतःच १/८ सेकंद दाखवतो. तेव्हा मी दोन्ही फिल्टर काढून खिशात टाकतो. घरच्या भिंतीवर लावलेला फोटो त्या मिनिटांतला आहे. आईने त्यावर अजून काही विचारलेले नाही.